काउंटरपाशी आलेली बाई

इयन रँकिनची एक पोलीस-कादंबरी हातात घेऊन जेमतेम तासभर झाला असेल. एक बाई एडिनबरात पोलिसांच्या कचेरीत येते आणि ग्रेगर मॅग्रा नावाच्या अधिकाऱ्याला भेटायचंय म्हणते. मॅग्रा केव्हाच निवृत्त होऊन उत्तरेला समुद्रकाठी राहायला गेलेला. तिला भेटायला जातो तो जॉन रीबस, आणि तोही निवृत्तच. बाईचं नाव नीना हॅझलिट. तिची मुलगी सॅली 1999 च्या शेवटच्या रात्री, सगळं जग नव्या सहस्रकाची वाट बघत असताना, उत्तरेकडच्या एव्हीमोर गावाहून नाहीशी झाली. त्याला बारा वर्षं उलटून गेलीत आणि बाई अजून विचारत फिरतेय.

मी तिथेच पुस्तक मिटून उशाशी ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, "दिवा मालवा, आज पुढे नाही वाचवत."

ह्यांना वाटलं रक्ताबिक्ताचं काही आलं असेल. तसलं काही नव्हतं. रीबस उठून तिच्याकडे गेला, एवढंच झालं होतं. पण 1993 साली एक बाई माझ्या काउंटरपाशी आली होती आणि मी माझ्या खुर्चीवरून पुरती उठलेसुद्धा नव्हते. ते मला त्या पानावर आठवलं.

पुस्तकाचं नाव 'स्टँडिंग इन अनदर मॅन्स ग्रेव्ह', लेखक इयन रँकिन, साल 2012. मी ते इथे एडिनबरात निकल्सन स्ट्रीटवरच्या एका चॅरिटी दुकानातून दोन पौंडांना आणलं. या शहरात पस्तीस वर्षं राहतेय, रँकिनची पुस्तकं प्रत्येक दुकानाच्या काचेत दिसायची, पण नोकरीच्या दिवसांत कधी हातात घेतली नाहीत. दिवसभर फायली हाताळायच्या आणि रात्री पुन्हा कुणाच्या तरी फायलीबद्दलच वाचायचं, हे नको वाटायचं. मी इथल्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काम केलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता फायली नाहीत, तर पुस्तक चाललं.

ज्यांनी रीबस वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रीबसचं पहिलं पुस्तक 1987 चं. रँकिनने त्याला आपल्यासारखंच वर्षागणिक म्हातारं होऊ दिलं. पुस्तकातला पोलीस चाळिशीचा तो चाळिशीचाच राहतो, तसं इथे झालं नाही. त्यामुळे साठी आली तशी निवृत्तीही आली, 2007 च्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये. पुढे पाच वर्षं रँकिनने दुसऱ्याच एका पोलिसावर लिहिलं. मग 2012 मध्ये रीबस परत आला तो अशा एका कोपऱ्यातल्या विभागात, जिथे जुन्या, न उकललेल्या केसेसच्या पेट्या आणून ठेवतात. हाताखाली कुणी नाही. पोलिसाचं ओळखपत्रही नाही, कारण आता तो साधा नागरी कर्मचारी. वर बसलेला साहेब कोवन याला नोकरीतल्या पुढच्या पायरीची काळजी. आणि विभागच बंद करायचं चाललंय, कारण सरकारी वकिलांच्या खात्याकडे नवीन विभाग निघतोय.

रीबस पुन्हा पोलीस खात्यात घ्या म्हणून अर्ज करायच्या विचारात असतो, कारण मधल्या काळात निवृत्तीचं वय वाढवलेलं असतं. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी सवयीने साडेसहाला उठले, डबा भरला, आणि डब्याचं झाकण लावताना थांबले. कुठे जायचं होतं मला? तो डबा मी दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून खाल्ला. रीबसच्या हट्टाला लोक अहंकार म्हणतात. मला तो तसा वाटला नाही. ज्या कामात माणसाची वीस-तीस वर्षं गेली, ते काम पास काढून घेतला म्हणून डोक्यातून निघून जात नाही.

आता माझ्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे जुनी नावसूची कार्डांवर होती. लाकडी खण, प्रत्येक कार्डाच्या तळाला भोक, आणि त्या सगळ्या भोकांतून आरपार गेलेली पितळी सळी, म्हणजे कार्ड कुणी उपसून नेऊ नये. खण ओढला की तेलपाण्याचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा मिळून एक वास यायचा. स्कॉटलंडमध्ये सूची लावणाऱ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे 'मॅक'ने सुरू होणारी आडनावं. अर्धं गाव मॅक. त्यातले काही एम-ए-सी असे पूर्ण लिहिणारे, काही नुसतं एम-सी लिहिणारे. ऐकायला दोन्ही सारखेच. एकाच कुटुंबातला भाऊ एक लिहितो, बहीण दुसरं. आणि दाखल करून घेणारा कारकून घाईत असला तर तो स्वतःला सोपं पडेल ते लिहितो.

माझ्या वरच्या एक बाई होत्या, मी त्यांना मनातल्या मनात 'मोठ्या बाई' म्हणायचे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की आपण आता सगळे मॅक एकाच ओळीत लावतो, स्पेलिंग काही असो. पण पन्नासच्या दशकातली कार्डं अजून दोन वेगळ्या कपाटांत आहेत. एम-सीवालं इथे वर, आणि एम-ए-सीवालं खाली, बॉयलरच्या खोलीशेजारी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मोठ्या बाईंच्या डोक्यात होतं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून माझ्या.

1993 च्या डिसेंबरात, शुक्रवारी, साडेचारला एक बाई आली. पन्नाशीची असेल. हातात भिजलेली छत्री, ती फरशीवर ठिबकू नये म्हणून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी धरलेली. तिची आई 1958 मध्ये दाखल होती आणि तिथेच वारली. ही तेव्हा शाळकरी पोर. घरात कुणी कधी काही सांगितलं नाही. आता वडीलही गेले, तेव्हा आईला शेवटी काय झालं होतं ते वाचायला मिळेल का, असं विचारत होती. मी वरच्या कपाटाचा खण अर्ध्या खुर्चीवरूनच ओढला, कार्डं चाळली, नाव नव्हतं. "नाही सापडत," म्हटलं. ती म्हणाली, "बरं बाई, उगाच तुम्हाला त्रास." आणि गेली. खाली बॉयलरपाशी दुसरं कपाट आहे हे मला माहीत होतं. शुक्रवार होता, अंधार पडला होता, माझी बस पाचची होती.

पुढच्या एप्रिलमध्ये खालची कार्डं वर हलवताना तिच्या आईचं कार्ड माझ्या हाती लागलं. तेच नाव, तेच साल. मी ते कितीतरी वेळ हातात धरून उभी राहिले. पण बाई कोण, कुठली, हे मी लिहूनच घेतलं नव्हतं. चौकशीचा फॉर्मही भरून घेतला नव्हता. नाही सापडलं म्हटल्यावर फॉर्म कशाला, असा तेव्हाचा माझा विचार.

तर त्या रात्री पुस्तक मिटलं ते यामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुन्हा उघडलं आणि दोन दिवसांत संपवलं.

गोष्ट काय आहे ते सांगते, शेवट सांगणार नाही. अॅनेट मकी नावाची पंधरा वर्षांची मुलगी इन्व्हर्नेसकडे निघालेल्या बसमधून पिटलॉख्रीला उतरते, बरं वाटत नाही म्हणून. पुढे कुणाची तरी गाडी थांबवून जाणार असते. ती पोचत नाही. तिच्या फोनवरून एक फोटो मात्र जातो. माणूस नाही, चेहरा नाही, नुसता एक डोंगराळ मुलूख. आणि नीना हॅझलिटचं म्हणणं असं, की असं आधीही झालंय. 1999 मध्ये एव्हीमोरला तिची सॅली. 2002 मध्ये स्ट्रॅथपेफरला ब्रिजिड यंग. 2008 मध्ये ऑख्टरार्डरजवळ झोई बेडोज. सगळ्या एकाच रस्त्याच्या आजूबाजूला, ए9 च्या.

हे नीनाला कसं कळलं आणि पोलिसांना कसं नाही? वाचकाला वाटेल कादंबरीकाराने सोयीने पोलीस मठ्ठ दाखवलेत. तसं नाही. 2012 मध्ये स्कॉटलंडमध्ये आठ वेगवेगळी पोलीस दलं होती. एव्हीमोर आणि स्ट्रॅथपेफर उत्तरेकडच्या दलाच्या हद्दीत, पिटलॉख्री आणि ऑख्टरार्डर टेसाइडच्या, आणि अॅनेट राहणारी एडिनबराची, म्हणजे तिसऱ्याच दलाकडची. आठांचं मिळून एक 'पोलीस स्कॉटलंड' झालं ते 1 एप्रिल 2013 ला, पुस्तक आल्यावर काही महिन्यांनी. म्हणजे ही गोष्ट घडते तेव्हा प्रत्येक मुलगी आपापल्या हद्दीच्या कपाटात, आपापल्या खणात. प्रत्येक फाईल व्यवस्थित असेलही. पण दोन कपाटं एकदम उघडणारं कुणी नाही. रस्ता मात्र हद्द पाळत नाही.

मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी ह्यांना हाका मारून ते पान वाचून दाखवलं. "तुझे मॅक," एवढंच म्हणाले हे, आणि बरोबर म्हणाले.

नीनाकडे तिची स्वतःची फाईल आहे. बारा वर्षांची जमवाजमव. रँकिनने तिला गोड, सोशीक आई केलेलं नाही. ती चिवट आहे, लोकांना नकोशी होणारी आहे. मॅग्रा तिचं ऐकायचा, बाकीचे टाळायचे. अशा बाया आमच्याही काउंटरवर यायच्या आणि आम्ही आपसांत डोळ्यांनी बोलायचो. आता लाज वाटते. सरकारी फाईल बंद झाली की ज्याचं माणूस गेलंय त्याच्या घरात दुसरी फाईल सुरू होते, आणि ती कधीच बंद होत नाही. खोका, कात्रणं, तारखा, कुणाला कधी फोन केला त्याची वही. रीबस ती फाईल घेतो आणि वाचतो. पुस्तकभर तो पितो, सिगरेटी ओढतो, साहेबांना उलट बोलतो, नियम तोडतो. पण आधी वाचतो. पेट्याच्या पेट्या बसून वाचतो. हे मला फार आवडलं.

आणि फाईल वाचणं म्हणजे काय, हे रँकिनला पक्कं कळलंय. फाईलमध्ये त्या दिवशी ज्याला जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच असतं. ड्युटीवरचा माणूस दमलेला होता का, त्याने कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, कुठलं दार वाजवलंच नाही, हे कागदावर येत नाही. ते तिथे असलेल्या माणसाच्या डोक्यात राहतं, आणि तो माणूस निवृत्त होऊन घरी जातो. मोठ्या बाई 1998 मध्ये गेल्या. त्यांच्याबरोबर किती कपाटांचा पत्ता गेला देव जाणे. म्हणूनच या पुस्तकात जुन्या केसपाशी जुना माणूस लागतो. सिव्हॉन क्लार्क ही रीबसची एके काळची हाताखालची पोरगी आता इन्स्पेक्टर झालीय, हुशार आहे, संगणक तिच्याकडे आहे, माणसं तिच्याकडे आहेत. तरी कोण कुठे राहायला गेलं, कुणाला कुणाची उपकारफेड करायचीय, कुणाला कुठल्या वेळी फोन केला तर तो बोलेल, हे रीबसला ठाऊक. तो स्वतःच एक सूची आहे, पितळी सळी निसटलेली.

पुस्तक संपल्यावर मी सकाळची इन्व्हर्नेसची बस धरली. ह्यांचा गुडघा दुखत होता, एकटीच गेले. रीबस आपल्या जुन्या साब गाडीतून या रस्त्यावर इतक्या खेपा घालतो की त्या रस्त्याचा वास पुस्तकाला लागलाय, आणि मला तो रस्ता त्याच्या नजरेने बघायचा होता. पर्थ सोडलं की झाडी दाट होते. मग पिटलॉख्री. बस मुख्य रस्त्यावर थांबली, दोघं उतरले, एक चढली. मी खिडकीतून त्या थांब्याकडे बघत बसले. लोकरीच्या कपड्यांची दुकानं, फुलांच्या टांगलेल्या कुंड्या, कुत्र्याला घेऊन जाणारे एक आजोबा. इथे पंधरा वर्षांची पोर उतरली तर कोण लक्षात ठेवील? पुढे ड्रमॉख्टरची खिंड आली, चारशे साठ मीटर उंचीवर, दोन्हीकडे नुसते तपकिरी उघडे डोंगर. कधी दोन पदरी, कधी चार पदरी असा तो रस्ता बदलत राहतो. फोटोतला तो डोंगराळ मुलूख मला दर मैलाला दिसायला लागला. तेव्हा समजलं, तसला एक फोटो हातात घेऊन ही जागा कुठली हे शोधणं म्हणजे काय काम आहे ते.

इन्व्हर्नेसच्या अलीकडे डाल्मॅगरी लागतं. तिथे कादंबरी नाही. 12 नोव्हेंबर 1976 च्या रात्री तिथल्या रस्त्याकडेच्या थांब्यावर एक बीएमडब्ल्यू जळताना सापडली. गाडी रेनी मक्रे यांची, वय 36. त्या आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा अँड्र्यू कधीच सापडले नाहीत. 2019 मध्ये जवळच्या दगडखाणीतलं पाणी उपसूनही बघितलं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इन्व्हर्नेसच्या कोर्टात विल्यम मॅकडॉवेल दोघांच्या खुनासाठी दोषी ठरला, तेव्हा त्याचं वय 80. पुढच्या फेब्रुवारीत तो वारला. देह कुठे आहेत ते सांगितलंच नाही. बसमध्ये माझ्या शेजारच्या प्रौढ बाईंनी तो थांबा गेला तसं खिडकीकडे बोट केलं आणि हळूच म्हणाल्या, "ती जागा." मी काही विचारलंही नव्हतं. त्या भागात माझ्या वयाच्या माणसांना ते नाव सांगावं लागत नाही.

आणि खुद्द आमच्या शहरात वर्ल्ड्स एंडची केस आहेच. रॉयल माइलवर त्या नावाचा पब आहे, सेंट मेरीज स्ट्रीटच्या कोपऱ्याला. 15 ऑक्टोबर 1977 च्या शनिवारी रात्री हेलन स्कॉट आणि क्रिस्टीन ईडी, दोघी सतरा वर्षांच्या, तिथून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी पूर्व लोदियनमध्ये एकमेकींपासून काही मैलांच्या अंतरावर दोघींचे देह मिळाले. त्यांच्या खुनासाठी अँगस सिंक्लेअरवर 2007 मध्ये खटला उभा राहिला आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून मध्येच कोसळला. एकदा सुटला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, असा तेव्हाचा कायदा. स्कॉटलंडने 2011 मध्ये तो बदलला, आणि त्या बदललेल्या कायद्याखाली 2014 मध्ये तो दोषी ठरला. किमान 37 वर्षं. हेलनचे वडील त्या दिवशी कोर्टात होते.

त्या केसमधलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे. 1977 मध्ये डीएनए तपासणी नावाची गोष्टच नव्हती. तरी कुणीतरी त्या मुलींचे कपडे, त्यांना बांधायला वापरलेले कपड्यांचे तुकडे, गाठींसकट जपून ठेवले, आणि पुढे सदतीस वर्षं ते जपले गेले. त्या गाठींच्या आतल्या घड्यांतून, जिथे बाहेरचा हात पोचलेला नव्हता, तिथून शेवटी डीएनए मिळाला. कुणी तरी पाकिटावर नीट चिठ्ठी लावली होती. कुणी तरी गोदाम बदलताना ते पाकीट फेकलं नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात एका साक्षीवर गुन्हा शाबीत होत नाही, दोन स्वतंत्र पुरावे लागतात. म्हणजे जुन्या केसमध्ये, जिथे साक्षीदार मरून गेलेत, तिथे अशा जपलेल्या पाकिटावर किती भार येतो बघा. बातम्यांत तपास अधिकाऱ्यांची आणि वकिलांची नावं आली. मला त्या चिठ्ठी लावणाऱ्याचा हात बघायचा होता.

पुस्तकातलं सगळंच मला पटलं असं नाही. गुंडांचा भाग लांबलाय. अॅनेटच्या आईचा मित्र फ्रँक हॅमल, त्याचं राजकारण, त्यात नवा उगवणारा पोरगा, यात पानंच्या पानं जातात, आणि मी दर वेळी म्हणत होते, अरे, त्या फोटोकडे परत चला. माल्कम फॉक्सचं तर मला वाईट वाटलं. हा पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या विभागातला माणूस. मधल्या काळात रँकिनने यालाच नायक करून दोन पुस्तकं लिहिली होती. मी नंतर ती वाचली, आणि तिथला फॉक्स शांत, एकटा, म्हाताऱ्या वडिलांची काळजी घेणारा आहे. इथे तो रीबसच्या मागे लागलेला नुसता शंकेखोर माणूस वाटतो. त्याची शंका चुकीची नाही हो. मोठा गुंड कॅफर्टी रीबसला सारखा प्यायला नेतो, कारण रीबसने त्याचा जीव वाचवला होता. असा पोलीस स्वच्छ कसा म्हणायचा? फॉक्सचं म्हणणं फॉक्सच्या जागेवरून नीट ऐकायला मिळायला हवं होतं.

शीर्षकाची गोष्ट मात्र लोभस आहे. जॅकी लेव्हन नावाच्या स्कॉटिश गायकाच्या गाण्यात 'दुसऱ्याच्या पावसात उभा' असे शब्द आहेत. रीबसला ते 'दुसऱ्याच्या थडग्यात उभा' असे ऐकू येतात. लेव्हन 2011 मध्ये वारले, आणि पुस्तक त्यांच्या आठवणीला वाहिलंय. चुकीचं ऐकण्यातून नाव निघालं. ऐकू आलेलं आणि लिहिलेलं यात जी फट असते तिच्यात मी एकतीस वर्षं काम केलं, म्हणून मला ते एवढं भिडलं असेल.

रीबसच्या घराच्या रस्त्यावर, मार्चमाँटमधल्या आर्डन स्ट्रीटवर, मी परवा मुद्दाम जाऊन आले. रँकिन विद्यार्थी असताना तिथे राहायचे आणि रीबसला त्यांनी आपल्या समोरच्याच इमारतीत राहायला ठेवलं, असं म्हणतात. करड्या दगडाच्या उंच चाळीवजा इमारती, पुढे उभ्या गाड्या. एका तळमजल्याच्या खिडकीत दिवा होता आणि एक म्हातारे गृहस्थ टेबलावर कागद पसरून बसले होते. वीजबिलंच असतील. मी तरी थोडा वेळ पलीकडच्या फुटपाथवर उभी राहिले.

घरी आल्यावर जुन्या विभागात फोन केला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. माझ्या जागी आता पंचविशीची एक मुलगी आहे, शेवटचे सहा महिने माझ्याच हाताखाली होती, गुणाची पोर. मी तिला 1993 ची ती गोष्ट सगळी सांगितली, छत्रीसकट. मग म्हटलं, "मला काही सांगू नकोस, तो हक्क आता माझा नाही आणि मला विचारायचंही नाही. पण त्या बाईने नंतर कधी पत्र लिहिलं असेल. लिहिणारी वाटली. पत्रव्यवहाराच्या जुन्या पेट्या गोदामात आहेत, नव्वद ते दोन हजार. त्यात तिचं पत्र असलं तर तिला कळवायचं, की आईचं कार्ड आहे. एप्रिल चौऱ्याण्णवमध्ये मी ते वर आणून लावलंय. आता ते मायक्रोफिल्मवर असेल."

"जिवंत असतील का पण त्या?" तिने विचारलं.

"ऐंशीच्या पुढे असतील. असतील."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. तिने आडनाव विचारलं, मी सांगितलं.

"एम-सी की एम-ए-सी?"

"दोन्हीकडे बघ," मी म्हटलं.